प्रार्थनेच्या खोलीतला दिवा

खरं सांगायचं तर हे लिहायचंच नव्हतं. फ्यूजने बजावलं होतं, "लिहू नकोस. निम्मे लोक हसतील, निम्मे भांडतील, आणि सलूनवाल्याने वाचलं तर माझी बिनपाण्याने करेल." पण सलूनवाला पेपर घेतो तो गिऱ्हाइकांसाठी. स्वतः चित्रंसुद्धा बघत नाही. तेव्हा लिहून टाकतो, पुढचं पुढे.

फ्यूज म्हणजे हॉस्पिटलचा वायरमन. शाळेत असताना त्याने एकट्याने अख्ख्या इमारतीची लाइट घालवली होती, तेव्हापासून हे नाव. सलूनवाला त्याचा तेव्हापासूनचा दोस्त. हातात वस्तरा घेतला की हात असा स्थिर, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं.

त्या दुपारी फ्यूज शिडीवर चढून पंखा दुरुस्त करत होता. सलूनवाला जिन्यावरून धावत आला. चेहरा पांढराफटक.

"फ्यूज, गेली रे!"

फ्यूजच्या हातातली पक्कड खाली पडली. सलूनवाल्याची आई सकाळपासून भरती होती. अपेंडिक्स. "आई?" त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

"लाइट! प्रार्थनेच्या खोलीतली लाइट गेली!"

"हात्तिच्या! मेल्या, जीव घेशील माझा."

"हसू नकोस. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, सही करा, लगेच आत घेतो. म्हटलं, आधी देवाला सांगून येतो. आयुष्यात कधी गेलो नाही, आज गेलो. खाली बसलो, डोळे मिटले, म्हटलं माझ्या आईला सांभाळ. डोळे उघडले तर काळोख! बटणाला कुणी हात लावला नाही, खोलीत मी एकटा. मला उत्तर मिळालं. मी सही करणार नाही."

फ्यूज शिडीच्या पायरीवरच बसला. त्या खोलीला बटण नव्हतंच. बटण त्यानेच काढलं होतं.

झालं होतं असं, की जुनी अडगळीची खोली सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी प्रार्थनेला द्यायची ठरली आणि ती तयार करायचं काम फ्यूजवर आलं. गडी मन लावून कामाला लागला. हॉस्पिटलभर फिरून त्याने प्रत्येकाला विचारलं. कुणी म्हणालं चपला बाहेर काढणार, कुणी म्हणालं बूट चालतील. कुणाला डोकं झाकायचं, कुणाला टोपी काढायची. कुणाला मक्केची दिशा हवी, कुणाला जेरुसलेमची, कुणाला उगवतीची, कुणाला कुठलीही चालेल. एकाला मूर्ती हवी, दुसऱ्याला समोर चित्रसुद्धा नको. फ्यूजने चपलांचं कपाट ठोकलं, छतावर बाण रंगवले, मूर्तीच्या कोनाड्याला पडदा लावला, खुर्च्या ठेवल्या, बैठक घातली. सगळे खूश. मग स्वतःचं डोकं चालवून वर एक सेन्सर बसवला. खोलीत काही हललं की दिवा लागणार, थोडा वेळ काहीच हललं नाही की आपोआप विझणार. विजेची बचत!

सगळ्यांना सगळं विचारलं, फक्त एकच विचारायचं राहिलं. प्रार्थना करताना तुम्ही हलता किती?

"अरे बाबा, तो सेन्सर आहे! तू दगडासारखा बसलास म्हणून विझला."

"माझी समजूत काढतोयस."

"आईशप्पथ नाही!"

"मग औषधाच्या दुकानातले चाचा रोज नमाज पढतात, त्यांचा दिवा विझला कधी?"

"ते उभे राहतात, वाकतात, बसतात, कपाळ टेकतात. कसा विझेल?"

"स्वयंपाकघरातल्या मावशी?"

"टाळ्या वाजवून भजन म्हणतात, वर स्वतःभोवती प्रदक्षिणा! आणि जनरल वॉर्डातले ते ज्यू आजोबा प्रार्थनेचं पुस्तक हातात घेऊन मागेपुढे डोलत असतात."

"आणि सिस्टर?"

फ्यूजने जीभ चावली. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टर गुडघे टेकून, बोटांत बोटं गुंफून बसतात ते पापणीही हलवत नाहीत. त्या रोज अंधारातच प्रार्थना करत होत्या, आणि हॉस्पिटल वीज वाचवतंय म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. एक्स-रेवाले काका बौद्ध, ध्यानाला बसणारे. त्यांचे डोळे मिटलेले, त्यामुळे दिवा गेल्याचं त्यांना अजून कळलंच नव्हतं.

"म्हणजे देवाला ज्याचं ऐकायचं त्याचाच दिवा राहतो," सलूनवाला म्हणाला. "माझा गेला."

तेवढ्यात डॉक्टरीण बाई तरातरा आल्या. "अहो, काय चाललंय? आत फुटलं तर धावपळ होईल. घरच्यांची सही लागते. सही करा!"

मागे स्ट्रेचरवर आई. पोट धरून कण्हत होती, पण तोंड चालूच. "कर की रे सही, मुडद्या! मी इथे मरतेय आणि हा दिवे बघत फिरतोय."

"तुझ्यासाठीच थांबलोय ना, आई!"

"माझ्यासाठी थांबू नकोस, मला जाऊ दे आत!"

फ्यूजने दोस्ताचं मनगट धरलं. "बाई, दोनच मिनिटं. याला एक दाखवून आणतो." आणि त्याला ओढतच खोलीकडे निघाला. दोघं शांत बसतील, दिवा विझेल, फ्यूज हात हलवेल, दिवा लागेल, संपला विषय. सोपं होतं.

दार उघडलं तर खोली भरलेली. सलूनवाल्याच्या आईचं कळल्यावर सगळे आपापल्या परीने प्रार्थनेला आले होते. चाचा दोन्ही हात पसरून दुआ मागत होते. मावशींच्या टाळ्या चालू. आजोबा डोलत होते. सिस्टर गुडघ्यांवर. काका कोपऱ्यात मांडी घालून. वर दिवा लखलखीत.

"बघ," सलूनवाला कुजबुजला, "यांचा लागलाय."

"ऐका हो सगळे!" फ्यूज ओरडला. "हात जोडतो, थोडा वेळ कुणी हलू नका. याच्या आईचा प्रश्न आहे."

"न हलता भजन कसं म्हणू रे?" मावशी म्हणाल्या.

"मनात म्हणा, मावशी."

"मनात म्हटलं तरी मान हलते माझी."

"मला तर थांबताच येत नाही," आजोबा म्हणाले. "सत्तर वर्षांची सवय आहे. कुणीतरी धरा मला."

चाचा उठले, आजोबांच्या मागे बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे घट्ट धरले. "आता डोला बघू."

"श्वासाकडे लक्ष द्या," काका डोळे न उघडता म्हणाले.

"आणि बोलू नका," सिस्टर म्हणाल्या. "आमचं निम्मं काम तेवढंच असतं."

मग खरंच शांतता झाली. मावशींनी हात पदराखाली घेतले. चाचांनी आजोबांना धरलं की आजोबांनी चाचांना, कळेना. फ्यूज श्वास रोखून छताकडे बघत होता. विझ बाबा. विझ. आयुष्यभर त्याने लाइट येण्यासाठी जिवाचं रान केलं होतं, जाण्यासाठी नवस बोलायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

दिवा जळतच होता.

मावशी नाक आवळून शिंक दाबत होत्या, पण हलल्या नाहीत. बाहेरून डॉक्टरीण बाईंची हाक आली. फ्यूजच्या मानेवरून घाम ओघळला. एरवी मेला पटकन विझतो, आज काय झालं? सेन्सर बिघडला? त्याने मान न हलवता नुसते डोळे खोलीभर फिरवले. सिस्टर स्थिर. काका स्थिर. चाचा, आजोबा, मावशी, सगळे पुतळे.

मग त्याची नजर सलूनवाल्याच्या हाताकडे गेली.

हात थरथरत होता. वस्तऱ्याखाली कधी न हललेला तो हात बोटांपासून कोपरापर्यंत लटलट कापत होता, आणि वरचा सेन्सर इमानेइतबारे ते टिपत होता.

"अरे, तुझा..." फ्यूजने तोंड उघडलं. समोर सिस्टरनीही तो हात पाहिला होता. त्यांनी गुंफलेल्या बोटांतलं एक सोडवलं आणि ओठांवर ठेवलं. फ्यूजने तोंड मिटलं.

"नाही विझला," सलूनवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळ्यांनी मिळून मागितलं, आणि नाही विझला!" तो बाहेर धावला. फ्यूज मागोमाग पोचला तोवर कागदावर सही झालीही होती.

स्ट्रेचर आत जाता जाता आईने मान वर करून कागद पाहिला. "ही सही आहे का झुरळ चाललंय?"

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी शुद्धीवर येताच आईने मुलाला दाढी वाढवल्याबद्दल फैलावर घेतलं, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली. मावशी हॉस्पिटलभर सांगत सुटल्या होत्या, की पाच धर्म एकत्र आले आणि दिवा विझला नाही.

फ्यूजला काही ते झेपेना. तो शिडी घेऊन प्रार्थनेच्या खोलीत गेला. आज सेन्सर काढून साधं बटण लावायचं, म्हणजे सिस्टरही उजेडात बसतील. शिडी टेकवली आणि मागे सलूनवाला येऊन उभा राहिला. दोघंही वर दिव्याकडे बघत नुसते उभे राहिले.

आणि दिवा विझला.

फ्यूजला वाटलं, झालं! आता हा पुन्हा सुरू होणार.

"थांबला वाटतं हात," अंधारातून सलूनवाला म्हणाला.

"म्हणजे? तुला कळलं होतं?"

"आई सहीला झुरळ म्हणाली तेव्हा. असं वेडंवाकडं अक्षर माझ्या हातून येईल? मग सेन्सरचं पटलं. पण तोवर आई आत गेली होती."

"मग मावशी गावभर चमत्कार सांगत फिरतायत, त्यांना खरं सांगू या ना."

"वेडा आहेस का! सेन्सरचं सांगितलं की हाताचं सांगावं लागेल. न्हाव्याचा हात कापतो म्हटल्यावर गळ्यापाशी वस्तरा कोण लावून घेईल? दुकान बसेल माझं. कुणाला बोलणार नाहीस, शब्द दे."

"दिला."

"असा नाही. शपथ घे."

"या खोलीत कुणाची घेऊ?"

सलूनवाल्याने अंधारात बराच विचार केला. "आईची घे. ती सगळ्यांना चालते."

"तुझ्या आईशप्पथ, कुणाला सांगणार नाही," फ्यूज म्हणाला, आणि दिवा लागावा म्हणून त्याने हात वर केला.