दळवीकाकांचं सात दिवसांचं औषध

सुकलेल्या गोंदाची बाटली हातात दिली की दळवीकाका ती आधी कानाला लावतात. डोळे मिटून हळूच हलवतात आणि देणाऱ्याचा जीव पुरेसा टांगणीला लागला की म्हणतात, "मेली नाय हा ती. निजली हा." चारकोपमधल्या आमच्या पस्तीस घरांच्या सोसायटीत या एका वाक्यावर किती बाटल्या, ट्यूबा आणि रंगाचे डबे कचऱ्याच्या तोंडातून परत आले, याची गणती नाही. मी या सोसायटीचा सेक्रेटरी. कचरा हे माझं खातं. त्यामुळे काकांचं आणि माझं जमणं मुळातच अवघड होतं.

काका मूळचे मालवणकडचे. उभी हयात एका रंगाच्या कारखान्यात गेली. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा मस्कतला. घरात काका आणि टेबलभर पसरलेली आमची सोसायटी, म्हणजे तिची छोटी प्रतिकृती. काडेपेटीएवढी पुठ्ठ्याची पस्तीस घरं, मधे अंगण, अंगणात पाण्याची टाकी. प्रत्येक घराला रंग त्या त्या घराच्याच माळ्यावरच्या सुकलेल्या डब्यातला. विकतचा रंग चालत नाही. "दुकानातलो रंग तुमच्या घराचो कसो?" असं ते विचारतात. सोसायटीतल्या सावंतांनी बाहेरची भिंत चॉकलेटी केली तेव्हा काका उरलेल्या रंगासाठी दोन दिवस रंगाऱ्याच्या मागे मागे फिरत होते. त्यात माझं घर तेवढं अजून पुठ्ठ्याच्याच रंगाचं आहे, कारण उरलेला डबा मी नियमाप्रमाणे वेळच्या वेळी फेकला. ते काकांनी मला माफ केलेलं नाही.

त्यांचे उपचार साधे असतात. पाण्यातल्या रंगाला कोमट पाणी, तेलाच्या रंगाला टर्पेंटाइन. पांढऱ्या गोंदाची बाटली ते भाताचा कुकर उतरवला की त्यातल्या गरम पाण्यात बसवतात. वाफ फुकट कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं. झटक्यात चिकटणारा तो इवल्याशा ट्यूबमधला गोंद मात्र एकदा सुकला की काकाही हात टेकतात. ती ट्यूब कानाला लावत नाहीत. "गेलो," म्हणतात आणि चष्मा काढतात. अशा वेळी समोरच्यानेही उठून उभं राहायचं, असा रिवाज आहे.

पण खरी मेख पुढेच. औषध सात दिवसांचं. रोज चार ते सहाच्या वेळात मालकाने स्वतः यायचं आणि आपली बाटली आपल्या हाताने शंभर वेळा हलवायची. दुसऱ्याच्या हाताला गुण येत नाही. हलवता हलवता चहा. चहाचे पेले आणि ब्रश बुडवायचे पेले एकाच सेटमधले. एकदा मी अर्धा पेला संपवल्यावर काका शांतपणे म्हणाले, "ती सावंतांची भिंत हा रे." मी ठसकलो, तर पाण्यातलाच रंग आहे, काही होत नाही, अशी वर समजूत घातली.

मग माझ्या मुलीने, स्वराने, शाळेसाठी आरे कॉलनीतला तबेला करायला घेतला. मातीच्या बारा म्हशी झाल्या आणि छप्पर चिकटवायची वेळ आली तर गोंदाचा दगड. तबेला सोमवारी न्यायचा, आणि त्या दिवशी शुक्रवार. मी बाटली घेऊन धावलो. काकांनी निदान केलं, सात दिवस सांगितले. मी हातापाया पडलो. औषधाला घाई चालत नाही, म्हणाले. माझं डोकं फिरलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नव्या दोन बाटल्या आणल्या आणि त्याच तिरीमिरीत सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली: सुकलेल्या बाटल्या सुक्या कचऱ्यातच टाकाव्यात, कोणाच्या घरी नेऊ नयेत, टर्पेंटाइनच्या वासाची तक्रार आली आहे. तक्रार कोणाचीच नव्हती. माझीच होती.

पार्किंगच्या नियमांना हिंग लावून न विचारणाऱ्या माणसांनी ही सूचना मात्र तंतोतंत पाळली. काकांकडे कोणी फिरकेना.

दहाएक दिवसांनी काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन दारोदार निघाले. काही सुकलंय का, एवढंच विचारत होते. आमच्या दारात बायकोने संकोचून नाही म्हटलं. तरी ते रेंगाळले. "नेलपॉलिश? बूटपॉलिश?" बायकोने पुन्हा मान हलवली. पिशवीची घडी घालून ते पुढच्या दाराकडे गेले.

मला काही ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी रिकाम्या हातांनी त्यांच्याकडे गेलो. स्टुलं मांडलेली होती, पेले विसळून पालथे घातलेले होते आणि गॅसवर चार माणसांचा चहा होता. माझा स्वभाव वाकडा, त्यामुळे वाईट वाटलं तरी तोंडातून भांडणच निघालं.

"काका, खरं सांगा, गोंदाला सात दिवस लागतात?"

त्यांनी चहा गाळला, पेला माझ्यापुढे ठेवला.

"तासाभरात होता रे," ते म्हणाले. "पण बाटली बरी झाली की माणूस उठून जाता."

मला माझी लाज वाटली. पस्तीस घरांचा कारभार बघतो म्हणून मिरवणाऱ्या मला या एका घरात चार ते सहा काय चालतं, ते कळलं नव्हतं. त्या दिवशी मी सहापर्यंत बसलो. काय बोललो ते आठवत नाही.

सूचना मी मागे घेतली. पण त्याने काय होणार? लोकांकडे सुकलेलं काही शिल्लकच नव्हतं, सगळं कचऱ्यात गेलं होतं, माझी जुनी बाटलीसुद्धा. खरं कारण ग्रुपवर लिहायचं तर काका सगळ्यांपुढे उघडे पडले असते. शेवटी रविवारी भर दुपारी मी दुसरी कोरी बाटली घेतली, झाकण काढलं आणि ती वाळत ठेवायला कोणी बघत नाहीसं पाहून अंगणातल्या टाकीपाशी गेलो. दुपारचं कडक ऊन तिथेच येतं.

टाकीच्या कठड्यावर एक नवाकोरा रंगाचा डबा झाकण उघडं टाकून बसला होता. त्याच्याशेजारी बूटपॉलिशची डबी, दोन-तीन गोंदाच्या बाटल्या, पाटीलवहिनींची लाल नेलपॉलिश. सावंत कठड्याला टेकून उभे होते. माझ्या हातातल्या बाटलीकडे त्यांनी पाहिलं आणि आज ऊन झकास आहे, एवढंच म्हणाले.

जागा उरली नव्हती. मी वहिनींची नेलपॉलिश जराशी सरकवली आणि माझी बाटली ठेवली.