माया टेलर्सची माया कोण

हणमंतअण्णांच्या दुकानावर ‘माया टेलर्स’ अशी पत्र्याची पाटी होती. ही माया कोण, असं कुणी विचारलं की अण्णा आधी विचारणाऱ्याची भाषा कोणती ते बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं म्हणजे त्यांना उष्टं वाढल्यासारखं वाटायचं.

नव्वदनंतर मी कानडी मुलखाच्या सीमेवरच्या राजेश्वर गावात औषधाचं दुकान टाकलं ते बरोबर त्यांच्या समोर. मध्ये फक्त रस्ता. शेजारधर्म म्हणून भेटायला गेलो आणि पहिल्याच भेटीत तो प्रश्न विचारून बसलो. अण्णांनी मशीनवरचा पायजमा उलटा केला आणि आतली शिवण माझ्या नाकासमोर धरली.

“ही बगा माया. दोन बोटं कापड आत सोडायचं. मानूस आंगानं भरला की उसवायचं. माया न सोडनारा टेलर कसला वो?”

मला पटलं. घरी जाऊन बायकोलाही पटवलं. चारच दिवसांनी आमच्या कानडी शाळेचे मास्तर आले. त्यांच्या शर्टाचं कापड अण्णांकडे श्रावणापासून पडून होतं. कानडीत माया होणं म्हणजे नाहीसं होणं, तेव्हा पाटी अगदी खरी आहे, असं मास्तर चिडून म्हणाले. अण्णांना राग आला नाही. ‘व्हय की, तेच नाव हाय,’ म्हणून त्यांनी शर्टाचा वायदा दसऱ्यावर ढकलला.

त्यानंतर मी कान टवकारून बसू लागलो. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले म्हातारे खाजासाब विचारायचे, तेव्हा माया म्हणजे भांडवल. भजनी मंडळाला माया म्हणजे हा सगळा खोटा संसार. तेलुगू ट्रकड्रायव्हरला माया म्हणजे जादू, कारण त्याची फाटलेली पँट ढाब्यावरचं जेवण होईपर्यंत शिवून मिळायची. रात्रीची गस्त घालणाऱ्या नेपाळी गुरख्याने मात्र अण्णांनाच शिकवलं, की त्यांच्याकडे प्रेयसीवरच्या प्रेमालाही मायाच म्हणतात. अण्णा इतके खूश झाले की त्याच्या स्वेटरला त्यांनी नवी बटणं लावून दिली. गुरख्याच्या अंगाला तो स्वेटर होत नव्हता, पण बटणं झकास होती.

बाहेरगावचा माणूस दिसला की अण्णांचा ठरलेला प्रश्न: “तुमच्यात माया कशाला म्हंतेत?” एकदा हुलसूरकडची एक बाई माझ्याकडे मलम न्यायला आली. जखम भरून येण्यालाही कानडीत जवळपास हाच शब्द आहे, हे तिच्या बोलण्यात आलं आणि मी ते अण्णांना ओरडून सांगितलं. मशीनवरची सलवार तशीच टाकून माणूस रस्ता ओलांडून आला. त्या बाईकडून त्यांनी तो शब्द घोकून घेतला. बाई मलम विसरून गेली.

हे सगळे अर्थ गावाला चालायचे. चालायचे नाहीत ते फक्त गंगाक्काला. गंगाक्का म्हणजे अण्णांची बायको. काजं करणं, हूक लावणं ही कामं तिची. अण्णांचे वडील मेंढरं राखायचे. अण्णा मात्र तरुणपणी गुलबर्ग्याला राहून टेलरकाम शिकून आले. तिथे कुणीतरी माया होती, अशी गावाची खात्री होती. गंगाक्का रोज दिवेलागणीला आतून यायची, देवाला दिवा दाखवायची आणि मशीनसमोर उभी राहायची.

“आज तरी सांगा. कोन हाय ती माया?”

अण्णा त्या दिवशी हाती लागलेला ताजा अर्थ सांगायचे.

“मला आर्थ नगं. मानूस सांगा.”

मग गंगा हे नाव काय वाईट आहे, ते पाटीवर कामून लावलं नाही, गुलबर्ग्याला दर वर्षी कसली सुई आणायला जाता, असं पाऊण तास चालायचं. अण्णा मध्येच एखादा शब्द टाकायचे, म्हणजे विझत आलेली चूल पुन्हा पेटायची. त्या वेळी माझ्याकडे गिऱ्हाईक आलं तर मी हाताच्या खुणांनीच गोळ्या द्यायचो, बोलायचो नाही. ऐकण्यात खंड पडायला नको.

पुढे दिवस बदलले. हायवेला रेडिमेडची दुकानं झाली. अण्णांची दोन्ही पोरं पुण्याला कारखान्यात लागली आणि तिकडचीच झाली. शिवायला कापड येईना. रेडिमेड पँटी आखूड करण्यापुरतं काम उरलं. मशीन दुपारीच थांबायचं, पण भांडणाची वेळ काही अलीकडे आली नाही. दिवा लागायचा तेव्हाच तेही लागायचं.

एका दिवाळीला थोरला दत्ता पुण्याहून भलामोठा फ्लेक्स छापून घेऊन आला. ‘दत्ता मेन्स वेअर’. वडिलांचं वय झालं, आता रेडिमेड ठेवू, असा त्याचा बेत. त्यात वाईट काही नव्हतं. शिवाय ती पाटी एकदाची उतरली की आई खूश होईल, असाही त्याचा हिशोब. शिडी लावली, पाना हातात घेतला. आम्ही सगळे रस्त्यावर जमलो. गंगाक्का आता नारळ फोडणार, असं मलाही वाटलं.

तिनं येऊन शिडी धरली आणि पोराला खाली उतरवलं.

“आदी ह्यांनी सांगावं ती कोन हाय. मग उतरव पाटी.”

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. एका शब्दात सुटणारी गोष्ट. अण्णांनी मशीनवरची मान वर केली नाही.

“सांगनार न्हाई,” ते म्हणाले.

पाटी राहिली. दत्ता तणतणत पुण्याला गेला आणि फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर गेला. चांगला मजबूत होता. त्या पावसाळ्यात कडबा भिजला नाही.

दोन दिवसांनी अण्णा कंबरेला लावायचा बाम न्यायला आले. मी म्हटलं, अण्णा, पोरगं नाराज होऊन गेलं, आता तरी सांगून टाका. त्यांनी दुकानात दुसरं कुणी नाही हे बघून घेतलं.

“कोन बी न्हाई हो मेडिकलवाले. आपल्या हितल्या कल्यानच्या पेंटरकडं ‘माया’ नावाच्या व्हिडिओवाल्याची पाटी पडून व्हती. त्यो न्यायलाच आला न्हाई. पेंटर म्हनला, घेऊन जावा, खाली टेलर्स लिहून देतो.”

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. ‘माया’ ही अक्षरं हातभर, गुलाबी, सावली काढलेली. ‘टेलर्स’ कोपऱ्यात कसंबसं कोंबलेलं, निळ्या रंगात. इतकी वर्षं रोज समोर बसून मला ते दिसलं नव्हतं.

“मग अक्काला सांगत का नाही?”

“सांगितलो तर उद्या ती काय इचारंल?” अण्णा बामाची डबी हातात फिरवत राहिले. “पोरं तिकडं. ती चुलीपाशी, मी मशीनीवर. दिवा लावला की ती येती, इचारती. तेवढंच बोलनं हाय आमचं. तुमी हे सांगू नगा तिला.”

त्याच आठवड्यात गंगाक्का बीपीच्या गोळ्यांना आली. मी काही बोलणार नव्हतो. फक्त म्हटलं, अक्का, पाटी उतरत होती तर उतरू द्यायची की.

ती पदराआड हसली. “पाटी करून देनारा त्यो कल्यानचा पेंटर मूळचा माझ्या म्हायेरचा, मंठाळचा. पाटी लावली त्याच साली सांगून गेला मला.”

“मग रोज विचारता कशाला?”

“न्हाई इचारलं तर बोलत न्हाईत वो ते. पोरं गेल्यापासनं तर नुसती मान खाली घालून बसतेत. भांडलं की दोन घास जास्ती जातेत त्यांला.” गोळ्या पदरात बांधत ती म्हणाली, “तुमी सांगू नगासा. आब्रू जाईल त्यांची.”

ती रस्ता ओलांडून गेली. माझ्या दुकानात सगळ्या दुखण्यांवर काही ना काही होतं, पण या दोघांनी आपापलं औषध घरीच काढलं होतं, आणि मला मात्र दोघांकडून गप्प राहायची शपथ.

दोन हजार बारा साली टीव्हीवर रोज एकच बातमी. पार अमेरिकेकडे माया नावाचे लोक होऊन गेले, त्यांचं पंचांग संपत आलंय, आता जग बुडणार. अण्णा काठी टेकत माझ्याकडे आले. डोळ्यांत कोण आनंद. असा अर्थ त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. त्या संध्याकाळी दिवा लागला आणि गंगाक्का पाटीखाली येऊन उभी राहिली.

“जग बुडायलंय म्हंतेत. आता तरी सांगा.”

“बुडू दे. दुसऱ्या दिवशी सांगतो.”

टीव्हीनं सांगितलेला दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, हायवेवर ट्रक वाजले, माझी तीच ती गिऱ्हाइकं आली. दिवेलागणीला मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि तसाच थांबलो. समोर गंगाक्कानं देवाला दिवा दाखवला, बाहेर आली आणि पदर खोचला.

“जग तर हाय तितंच हाय. हं, सांगा आता. कोन हाय ती?”

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला सावकाश पुसला आणि सरसावून बसले.