बन्सीधरचे साडेतीन झटके

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. एकदा अर्धं पान लिहिलं अन् फाडून टाकलं. लिहिताना हसू यायचं, आणि हसलो की लाज वाटायची. शेवटी ज्याची गोष्ट, त्या बन्सीधरलाच विचारलं. तो म्हणला, "लिही. जेवढा येडा होतो तेवढा लिही. कमी करू नको."

तर हे शहाऐंशी सालचं. बन्सीधर तवा येलदरी धरणाच्या अंगाला एका खेड्यात सरकारी आरोग्यसेवक होता. वय सव्वीस, लग्न न्हाई. उपकेंद्राच्या दोन खोल्या गावाच्या बाहेर. पुढची दवाखान्याची, मागची त्याची. कामं दोन. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचं, आणि नसबंदीला माणसं गोळा करायची. आता अशा माणसाला चहाला कोण बोलवणार? तो गल्लीत शिरला की पटापट दारं लागायची. बाप्ये मागच्या दारानं शेतात पळायचे. बायका रडत्या लेकराला म्हणायच्या, "गप, सुईवाला यायलाय."

संध्याकाळी तो एकटाच पत्ते खेळायचा. दोन्हीकडची पानं तोच टाकायचा, तरी हरायचा. कधी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधून फुगवत बसायचा. कामून असं इचारलं तं म्हणला, "कोणीतरी हात धरल्यावानी वाटायचं."

अशात तालुक्याहून निरोप आला. औरंगाबादचे मेंदूचे डॉक्टर येणार. लकवा मारला, मिरगीचा झटका आला, तर मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं, ते नर्सा, आरोग्यसेवक आणि जीपच्या ड्रायव्हरला शिकवणार. झटका करून दाखवायला एक माणूस पाहिजे होता. तालुक्याच्या केंद्रातल्या मनकर्णा सिस्टरनं मिटिंगमधी विचारलं, "कोन पडतंय?" बन्सीधरनं हात वर केला. "मी पडतो. शाळेत असताना नाटकात तीनदा मेलोय. असा झटका आणतो, डॉक्टरनं स्वतःची नाडी धरावी."

तालीम करायची तर बघायला कोण? कोणीच न्हाई. मग एका दुपारी त्यानं दार उघडंच ठेवलं, तोंडात दात घासायची पांढरी पावडर घेतली, जरा पाणी घेतलं, आणि फरशीवर आडवा झाला. हात ताठ, पाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. स्वतःवरच खूश होता गडी. तेवढ्यात एक शेळी आत आली. तिच्यामागं शेळीची मालकीण बायनाबाई आली.

बायनाबाईनं एकदा बघितलं आणि अशी बोंब ठोकली की धरणावर ऐकू गेली असंल. "आरं पळा! सुईवाल्याला मिरगी आली!"

बन्सीधरला बोलायचं होतं. पण तोंडात पावडर. तो 'सोंग हाय' म्हणायला गेला आन् फेसच जास्त आला. बायनाबाईनं पायातलं पायताण काढून त्याच्या नाकाला दाबलं. शेळ्यांमागं दहा वर्षं हिंडलेलं पायताण ते. तो खरंच बेशुद्ध व्हायच्या बेताला आला. कोणी कांदा फोडला. कोणी हातात लोखंडी किल्ली कोंबली.

पाच मिनिटांत खोलीत तीस माणसं. जी दारं लावायची, तीच. एकजण टॉवेलनं वारा घालायला, एकजण तळपाय चोळायला. आणि दत्तराव म्हणून एक शेतकरी, चाळिशीतला, त्यानं बन्सीधरचं डोकं मांडीवर घेतलं आन् कानाशी म्हणला, "भिऊ नको. मी हाय. आता थांबतंय."

बन्सीधरनं चूळ भरली. तोंड मोकळं झालं. आता सांगायचं. त्यानं सगळ्यांकडं बघितलं. वर्षभरात त्या खोलीत इतकी माणसं एकदमच काय, एकेक करूनसुद्धा आली नव्हती. डोक्यावरून दत्तरावचा हात फिरत होता.

"आता बरं हाय," तो म्हणला. बस्, एवढंच.

गावानं ठरवलं, मिरगीच्या माणसाला एकटं सोडायचं न्हाई. पाळ्या लागल्या. सकाळी कोणाच्या घरचं दूध, दुपारी कोणाची भाकर अन् ठेचा, रात्री वसरीत झोपायला दोघंजण. पत्त्याला चौघं बसायला लागले. बन्सीधर तेव्हाबी हरायचा, पण आता हरवणारं कोणी होतं. दत्तराव रोज यायचा. बाकीचे गप्पा मारायचे, हा मधीच विचारायचा, "यायच्या आधी कळतं का रं तुला? कसला वास यतो का?" बन्सीधर काहीबाही सांगायचा. दत्तराव लय मन लावून ऐकायचा.

आठ दिवसांत लोकांचा उत्साह कमी झाला. पेरणीची घाई. दूध बंद झालं, मग ठेचा. एका संध्याकाळी पत्त्याला कोणीच आलं न्हाई. दत्तरावसुद्धा बैल आजारी म्हणून आला नव्हता. बन्सीधर पानं वाटून बसला. चार जागी चार ढीग.

दुसऱ्या दिवशी माणसं शेतातून परतायच्या टायमाला तो वसरीत पडला. हा दुसरा झटका. पावडर जरा जास्तच घेतली होती. त्या दिवशी तीन घरून जेवण आलं.

शिकवणीचा दिवस उजाडला. बन्सीधर एसटीला निघाला तं दत्तराव पटका बांधून तयार. "वाटंत काही झालं तं? मी यतो संगं." नको म्हणायला काही कारण सुचलं न्हाई.

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात तीस-पस्तीस जण वह्या घेऊन बसलेले. सकाळी लकवा झाला. तोंड वाकडं होतं, हात उचलत न्हाई, अशा माणसाला तेल चोळत बसू नका, गाडी बघा. जेवणानंतर मिरगी. दत्तराव बाहेर व्हरांड्यात खिडकीशी बसलेला. डॉक्टरांनी खूण केली आणि बन्सीधर पडला. काय पडला! पुढच्या रांगेतली नर्स उठून उभी राहिली.

डॉक्टर तोंड उघडायच्या आत खिडकीतूनच दत्तराव आत आला. हातात पायताण. बन्सीधरचं डोकं मांडीवर, पायताण नाकाला, आणि तेच. "भिऊ नको. मी हाय."

डॉक्टर खूश. "छान. हे बघा, हेच करायचं नाही. चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, कपडे सैल करायचे, घड्याळ बघायचं." आणि दत्तरावला म्हणले, "काका, बाजूला व्हा. हे सोंग आहे."

"सोंग न्हाई साहेब," दत्तराव म्हणला. "त्याला खरंच हाय. महिन्यात दोनदा आली, गाव साक्षीला हाय."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी घड्याळ काढलं. मनकर्णा सिस्टर सुई भरायला पळाली. बन्सीधर ताडकन उठून बसला. "साहेब, मला काही न्हाई."

डॉक्टर वर्गाकडं वळले. "झटक्यानंतर माणूस असाच गोंधळलेला असतो. मला काही झालंच नाही म्हणतो. लिहून घ्या."

पस्तीस पेनं चालायला लागली.

"अहो, मी शुद्धीवर हाय!"

"हेही म्हणतो," डॉक्टर म्हणले. "याला सायकल नको, धरणाकाठी एकट्यानं राहणं नको. परभणीच्या ऑफिसात बदली करायला मी आजच लिहितो."

सुई जवळ आली. गाव लांब गेलं. बन्सीधरनं खिशातून पावडरची पुडी काढली, सगळ्यांसमोर तोंडात टाकली, आणि जमिनीवर पडून कसं करतो ते दाखवायला लागला. अर्ध्यातच डॉक्टर म्हणले, "पुरे." म्हणून मी साडेतीन धरतो.

कोणी हसलं न्हाई. तोंडाचा फेस पुसत बन्सीधरनं कबूल केलं, घरी आलेले दोन्हीबी असेच. दत्तराव पायताण हातात धरून उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं, त्यात पाय घातला, अन् दारानं बाहेर गेला. परतीच्या एसटीत तो सगळ्यात पुढं बसला. बन्सीधर सगळ्यात मागं.

गावाला कळायला गाडी थांबायचाच उशीर. दारं परत लागली. आता लेकरं त्याला बघून रडत न्हवती, रस्त्यात धडाधड पडून पाय झाडायची. बन्सीधरनं पत्ते कपाटात ठेवून दिले.

पंधराएक दिवसांनी भर दुपारी दत्तराव आला. पाणी मागितलं. प्याला. तांब्या खाली ठेवला.

"मला हाय," तो म्हणला.

"काय?"

"मिरगी. बारा वर्षं झाली. भागुबाईला म्हाईत हाय, बायकोच ती. दुसऱ्या कोनाला न्हाई. शेतात यती. पडतो, उठतो, माती झटकून घरी यतो."

बन्सीधर त्याच्या शेजारी खाली बसला.

"तुला आली ऐकून वाईट वाटायला पायजे होतं. मला बरं वाटलं, लेका. म्हणलं, गावात आपल्यावानी आनखी एक हाय. बोलायला झालं कोनीतरी. आन् तू उठून म्हणला, मला काही न्हाई."

बन्सीधरला माफी मागायची होती. सुचलं ते भलतंच. "गोळ्या असत्यात दत्तराव. रोज घेतल्या तं लय जणांची थांबती. ते औरंगाबादचे डॉक्टर दर सोमवारी परभणीला यत्यात. मी संगं यतो. तिथं थांबतो. माघारी आणतो."

दत्तरावनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं.

"ये. पन एक कबूल कर. मला तिथं काही झालं तं तू मला कुशीवर कर, घड्याळ बघ, काय शिकलास ते कर. पन तू पडू नको."

बन्सीधरनं गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि शपथ घेतली. एसटीत न्हाई, दवाखान्यात न्हाई, कितीबी माणसं जमली तरी न्हाई. सोमवारी तो उभाच राहील.