गफूरचाचांची होडी आणि बुटकी गाडी

आमच्या वास्तुशांतीला गफूरचाचा आले, माझ्या हातात नारळ दिला, मान वर करून छताच्या पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, स्टूल आहे?" पंगत बसेपर्यंत आमच्या नव्याकोऱ्या पंख्याची तिन्ही पाती जमिनीवर होती. पाहुणे घामाघूम. चाचा स्टुलावरून सगळ्यांना समजावत होते, "घाईत बनवलाय. खोलून बघितलं पाहिजे." पंखा त्यांनी परत बसवला, नाही असं नाही. पण तेव्हापासून तो वाऱ्याबरोबर शिट्टीही मारतो.

जगातली यच्चयावत वस्तू घाईत बनवलेली आहे, असं चाचांचं ठाम मत. माझ्या सासऱ्यांची कवळीसुद्धा त्यांनी उजेडात धरून तपासली आणि माझ्याकडं कानस मागितली. आमच्या भिंतीला लागून त्यांचे कापड विणायचे आठ लूम दिवसरात्र खडखडत असत. स्वतः लूमचे पक्के कारागीर, त्यामुळे मोडका दांडा, फुटका पाइप, काही म्हणून फेकायचे नाहीत. त्यांच्या अंगणातून जायचं तर पाय उचलून जावं लागे.

एकोणीसशे नव्वदच्या आसपास त्यांच्या बायकोचं, खैरूनचाचीचं, दुखणं वाढलं. वर्षभर मुंबईच्या इस्पितळात खेपा झाल्या. शेवटी डॉक्टरांनी चाचांना बाजूला घेऊन सांगितलं, आता यांना हवं ते करू द्या. चाचीनं फार काही मागितलंच नाही. तिचं माहेर अंजूरच्या पुढं, खाडीकाठचं. लहानपणी बापाच्या होडीत ती वल्हं मारायची. "एकदा तसं पाण्यात बसायचंय," एवढंच म्हणाली.

आठ दिवसांत चाचांच्या अंगणात होडी आली. ठाण्याच्या कुणा म्हाताऱ्या साहेबाची, छोटी, दोन माणसांची, खाली दोन चाकांचा ट्रेलर.

"चाचा, खाडीवर होड्या कमी आहेत का?" मी म्हणालो.

"रेतीवाल्यांच्या आहेत. तिला काय रेतीच्या ढिगावर बसवू, मास्तर?"



घोळ पुढंच होता. ट्रेलर बनवलेला साहेबाच्या जीपसाठी. चाचांची गाडी जुनी आणि इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं. ट्रेलरची दांडी गाडीच्या हुकाला लावली की होडीचं नाक जमिनीकडं आणि शेपूट आमच्या गॅलरीकडं. चाचांनी भोवती तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "ट्रेलर घाईत बनवलाय."

आधी त्यांनी गाडीच उंच केली. मागच्या चाकांवर ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे चढवले. गाडी मागून वर आणि पुढून खाली, मांजर आळोखेपिळोखे देतं तशी दिसायला लागली. दिव्यांचा उजेड थेट चाकांपुढं पडायचा. दोन दिवस चाचा तशीच गाडी बाजारातून फिरवत होते. तिसऱ्या दिवशी पाटे उतरले आणि ट्रेलरची चाकं गेली. त्या जागी रिक्षाची चाकं आली, लूमच्या पाइपची नवी दांडी आली, आणि होडी खरंच सपाट बसली.

"ट्रायल घेऊ," चाचा म्हणाले.

शुक्रवार होता, लूम बंद. चाचांनी शेडमधले आठ कारागीर वजन म्हणून होडीत दाटीवाटीनं बसवले आणि वरात बाजारातून निघाली. मी चाचांच्या शेजारी, लाजेनं अर्धा सीटखाली. नाक्यावर हवालदारानं अडवलं.

"पाणी कुठं आहे?"

"पुढं आहे," चाचा म्हणाले.

हवालदारानं थोडा विचार केला आणि होडीची नंबरप्लेट मागितली. चाचा होडीचं पुढचं फळकूट खोलून दाखवायला निघाले तेव्हा तो घाबरून म्हणाला, "जाव बाबा, जाव."

पुढच्या चढणीला हुक निसटला. आरशात बघतो तर होडी उलटी चाललेली. आठही जण "अरे रोको, रोको" करत होते आणि त्यातल्या दोघांनी भीतीपोटी सरळ वल्ही मारायला घेतली होती. सुदैवानं खाली चिंध्यांच्या गाठी रचून ठेवल्या होत्या, होडी त्यात जाऊन रुतली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्यातला एक त्यानंतर महिनाभर चाचांशी बोलला नाही.

चाचांनी निदान केलं, वजन चुकलं. गाडीत माणसं किती, त्यावर हुक किती दबतो ते ठरतं. मग नवा हुक करून त्यांनी अंगणात हिशेब मांडला. पुढच्या सीटच्या वजनानं हुक हलत नव्हता, म्हणून ती रिकामीच. मागं चाचीच्या जागी सुताच्या गोण्या, कारण तिला चढ-उतर करायला लावायचं नव्हतं.

"चाची म्हणजे दीड गोणी," ते म्हणाले. "लग्नानंतर गोदामाच्या काट्यावर बसवली होती. माझं माप आहे, चुकायचं नाही."

दीड गोणीवर हुक वेल्डिंग करून पक्का केला. दांडी अशी सरळ, की वर कपबशी ठेवली तरी हलली नसती.

पुढच्या शुक्रवारी सकाळी चाची बाहेर आली. गोण्या काढून ठेवल्या होत्या. चाचांनी तिला हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं आणि सवयीनं मागं जाऊन वाकून बघितलं.

गाडी पुरती दबलीच नव्हती. हुक चार बोटं वर राहिला होता, होडीचं नाक आभाळाकडं.

चाचा पाना हातात घेऊन नुसते उभे होते. रोज तिला उठवत होते, बसवत होते, औषध पाजत होते, पण ती एवढीशी उरलीय हे त्यांना हुकानं सांगितलं.

ते शेडमध्ये गेले, ती अर्धी गोणी खांद्यावर घेऊन आले आणि चाचीच्या शेजारी ठेवली.

"हे कशाला?" चाचीनं विचारलं.

"टेकायला," ते म्हणाले.

गाडी सपाट झाली. त्या गोणीला टेकूनच ती अंजूरपर्यंत आली.

भरती होती. आम्ही होडी पाण्यात लोटली. चाची मधल्या फळीवर बसली, चाचा मागच्या टोकाला. दुबळ्या हातांनी तिनं वल्हं मारलं, पण ते अगदी बरोबर पडलं, पाणी उडालं नाही. होडी मात्र मागं कलत होती, चाचांच्या बाजूला.

"अहो, तुम्ही पुढं या," ती म्हणाली. "बुडवताय मला."

चाचा बिचकत, फळ्या धरत पुढं सरकले आणि तिच्या फळीवर, तिला खेटून बसले. तिनं त्यांच्या हातात एक वल्हं दिलं आणि कसं मारायचं ते शिकवायला लागली.