आनंदाची वसुली

आमच्या सासूबाईंच्या घरात आनंद सांगितल्याशिवाय जेवायला मिळत नाही. हे मी गमतीने म्हणत नाहीये. ताट वाढलेलं असतं, प्रार्थना होऊन आमेन झालेलं असतं, बोंबलाच्या कालवणाचा वास नाकात गेलेला असतो. आपण भाताला हात लावला की समोरून गर्जना होते, "हात मागं! आज काय येचलंस?"

येचलंस म्हणजे वेचलंस. दिवसभरातून आनंदाची एक गोष्ट वेचून आणायची, ती सगळ्यांसमोर सांगायची, सगळ्यांनी "हालेलुया" म्हणायचं आणि मग पहिला घास. "ख्रिस्ती मानसाला आनंद करायची आज्ञा हाय," त्या म्हणतात. "मूड आसंल तर करा, आसं न्हाय लिवलं." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा असतो की आपण त्यांच्या घरातून काहीतरी चोरून नेताना सापडलोय असं वाटावं. आनंदाबद्दल इतक्या रागाने बोलणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

रूथबाई त्यांचं नाव. निजामपुऱ्यात आमच्या भिंतीला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे, त्यामुळे त्या खटाखटीच्या वर आवाज चढवून बोलायची त्यांना जन्माची सवय. शुक्रवारी लूम बंद असतात, तरी त्यांचा आवाज काही सुट्टी घेत नाही.

नियमही साधेसुधे नाहीत. आनंद आजचाच हवा, शिळा चालत नाही. स्वतःचा हवा. स्वयंपाकाची स्तुती बाद. माझा नवरा सॅम एकदा म्हणाला, "आज इंडिया जिंकली."

"तू खेळलास?"

"नाही."

"मग ते त्यांच्या घरी सांगतील. तुझं सांग."

एकदा पाळकसाहेब जेवायला आले. त्यांनी लांबलचक प्रार्थना केली आणि मटणाकडे वळले. सासूबाईंनी त्यांनाही सोडलं नाही. साहेब म्हणाले, "प्रभूची अपार कृपा, तारण..." त्यांना मध्येच तोडून बाई म्हणाल्या, "त्ये उपासनेत ऐकलं आमी. आज काय येचलंत?" साहेबांना घाम फुटला. मटणावर चरबीची साय धरायला लागली तेव्हा ते खाली मान घालून म्हणाले, "येताना शेअर रिक्षात मागे मी एकटाच होतो. पाय पसरून बसलो." सासूबाईंनी असा हालेलुया ठोकला की शेजारच्या शबानाभाभी काय झालं बघायला धावत आल्या. मग त्यांचीही सुटका नव्हती. "खाला, आज दोपहर को लाइट नहीं गई, बस वही खुशी है," म्हणाल्या बिचाऱ्या, आणि मटणाची वाटी घेऊन पळाल्या.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ दे. तुम्हाला रोज तिथे जेवायचं नाही.

मी दापोड्याला एका गोदामात पॅकिंगला आहे. दिवसभर उभं राहून खोकी चिकटवायची, टार्गेट चुकलं की सुपरवायझरची बोलणी खायची. मग ट्रकांच्या रांगेत अडकलेल्या रिक्षात, दोन बायांच्या मध्ये कोंबून घरी यायचं. पायांत गोळे आलेले असतात. अशा वेळी माणसाला ताट हवं असतं आणि गप्प बसायची मुभा हवी असते. आनंदाची हजेरी नको असते. कित्येकदा वाटे, ते कालवण उचलावं आणि ओतावं मोरीत. पण मी तसं करणारी नव्हे. मी खोटं बोलायला लागले. आज सुपरवायझर हसून बोलला. आज एका बाळाने रिक्षातून टाटा केला. भर उन्हाळ्यात एकदा मी इंद्रधनुष्य पाहिल्याचंही सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, हालेलुया म्हटलं आणि भात वाढला.

"हे थांबव," मी सॅमला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी लहान होतो. कितीतरी दिवस आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. ती नुसती ताटाकडे बघत बसायची. मग एक दिवस तिनेच विचारलं, आज काय येचलंस. मी म्हटलं, गोटी. तेव्हापासून चालू आहे."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटल्याने पाय दुखायचे थांबत नाहीत. मला दापोड्याला खोली हवी होती, कामाच्या जवळ, जिथे मी तोंड न उघडता जेवू शकेन. सॅम हो म्हणायचा, आणि आईपुढे गेला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. शेवटी खोली मीच शोधली, घरमालकाशी मीच बोलले, आणि आईला सांगायचं कामही माझ्याच गळ्यात आलं.

त्या संध्याकाळी ताटं वाढली. आमेन झालं. "आज काय येचलंस?"

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. म्हटलं, आनंदच पाहिजे ना? घ्या. "आई, मला दापोड्याला खोली मिळाली. आम्ही वेगळे राहायला जातोय. आज मला दुसऱ्या कशाचाही आनंद झाला नाही, याचाच झाला. खूप झाला."

सॅम कालवणात काहीतरी शोधायला लागला. भिंतीपलीकडे लूम चालूच होते. मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. उत्तरं पाठ होती.

"हालेलुया," सासूबाई म्हणाल्या. नियम तो नियम. फक्त आवाज लूमच्या वर गेला नाही.

मग त्यांची पाळी. त्या नेहमी शेवटी सांगतात आणि पटकन सांगतात. त्या दिवशी वेळ लागला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "माझी सून आज पैल्यांदा खरं बोलली. मला बरं वाटलं."

 पाठ केलेलं एकही उत्तर याला लागू पडत नव्हतं. त्यांनी माझ्या ताटात बोंबलाचा मोठा तुकडा वाढला. "आनि तिकडं गेल्यावर ह्ये येचायचं-बिचायचं काय करू नको. दमून येतेस. नुसती जेव."

याच बाईने हे आधी म्हटलं असतं तर मी गेले असते का? इतका संताप आला मला. जायच्या वेळी माणसाने असं चांगलं वागू नये.

आम्ही गेलो. खोली छान आहे, मोरी आत आहे, भिंतीपलीकडे कारखाना नाही. पहिल्या संध्याकाळी मी भात आणि अंड्याची आमटी केली. प्रार्थना झाली, आमेन झालं. कोणीही काहीही विचारलं नाही. इतकी वर्षं मागितलेली शांतता समोर वाढून ठेवलेली होती. सॅम माझ्याकडे बघत बसला, मी ताटाकडे. हात काही पुढे जाईना.

मी चिडून फोन लावला. त्यांनी एका रिंगमध्ये उचलला.

"जेवलात का?"

"कवाच," त्या म्हणाल्या. खोटं त्यांना अजिबात जमत नाही.

"आई, ताट घ्या समोर," मी ओरडले. "आणि काय येचलंत ते लवकर सांगा. आम्हाला भूक लागलीये."