आधी बापाने आ करायचा

दाजी कंपाउंडरकडे पोराचा दात काढायला न्यायचं, तर आधी बापाने आ करायचा. हा त्यांचा कायदा होता आणि तो गावच्या मानकऱ्यापासून होडीवाल्यापर्यंत सगळ्यांना सारखाच लागू होता. पोराला पडवीतल्या बाकावर बसवायचं, बापाला समोरच्या स्टुलावर, आणि मग दाजी उकळून थंड केलेला चिमटा घेऊन बापाच्या दाढांवर ठकठक वाजवत फिरायचे. पोर डोळे फाडून बघत असे.

"भियालास?" दाजी बापाला विचारायचे.

"छ्या, भियाचा काय त्येत?"

"खोटा सांगता हो," दाजी पोराकडे वळून म्हणायचे. "कपाळार घाम बघ बापाशीच्या. तू भियालंस तर सांग हां. भियाक लाज नाय."

आमचे पोलीस पाटील एकदा छाती काढून त्या स्टुलावर बसले. दाजींनी वाजवलेल्या ठोक्यांपैकी चौथा एका कुजक्या दाढेवर बसला आणि पाटील "आये" म्हणून ओरडले ते थेट खाडीपर्यंत ऐकू गेलं. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा इतका हसला, इतका हसला, की त्याचा लोंबणारा दात आपणहून निसटून त्याच्या मांडीवर पडला. पाटील गालाला फडकं बांधून घरी गेले आणि मुलगा दात मुठीत धरून त्यांच्या पुढे नाचत गेला.

साठ सालच्या आगेमागची ही गोष्ट. आमचं गाव खाडीच्या अलीकडे. मालवणला जायचं तर आधी होडीने पलीकडे जायचं आणि मग पायी किंवा मिळाली तर गाडीने. गावात डॉक्टर नव्हता. दाजी होते. तेही डॉक्टर नव्हते. मुंबईत गिरगावातल्या एका दाताच्या डॉक्टरकडे ते सतरा वर्षं कामाला होते. आधी बाटल्या धुवायच्या, मग चिमटे हातात द्यायचे, शेवटी शेवटी दुपारी डॉक्टर घोरत पडले की स्वतःच दात काढायचे. एका वर्षी रजेवर गावी आले ते परत गेलेच नाहीत. त्याच रजेत त्यांची मुलगी तापाने वारली आणि बायको माहेरी गेली ती तिथेच राहिली. पडवीत स्टुलाच्या वर त्या मुलीचा एक फोटो होता. ओठ घट्ट मिटलेली, सात-आठ वर्षांची. तिच्याबद्दल कोणी विचारत नसे. मी त्या काळात ट्रेनिंग कॉलेजात होतो, परत आलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

दाजी फक्त पोरांचे दुधाचे दात काढत आणि तेही दहातला एखादा. बाकीच्या नऊ बापांना ते शिव्या देऊन परत पाठवत. दात नुसता हलत असला तर म्हणायचे, "घराक जा. जिभेन हलवूंदे तेका. दोरो बांधून दारात ओढशात तर याद राखा." पोराचा गाल सुजलेला असला, अंगात ताप असला, तर चिमट्याला हातच लावायचे नाहीत. "ह्या माज्या हातातला काम नाय. आत्ताच्या आत्ता होडयेत बसा." बाप म्हणायचा, उद्या बाजाराच्या दिवशी नेतो. दाजी त्याला खळ्यातून, म्हणजे अंगणातून, हाकलून थेट धक्क्यापर्यंत पोचवून यायचे.

सगळ्यात मागची दाढ दाखवून कोणी "दुधाची आसा, काडून टाका" म्हणालं, की त्यांचं डोकं फिरायचं. सहाव्या वर्षी मागे जी दाढ येते ती दुधाची नसते, ती मरेपर्यंत पुरवायची असते, हे गावातल्या एकाही बापाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मुलांना शरीराची रचना शिकवणाऱ्या मास्तरालाही नव्हतं. तो मास्तर मी.

आणि एक शब्द त्यांच्या पडवीत चालत नसे. "काय नाय." पोराला घेऊन आलेली आई नेहमीच्या सवयीने म्हणायची, "बस रे बाबू, काय नाय, दुखाचा नाय." दाजी चिमटा खाली ठेवायचे. "ता 'काय नाय' भायर चपलांवांगडा ठेवून येवा. मगे बघूया." चपलांवांगडा म्हणजे चपलांबरोबर. मग स्वतः पोरासमोर उकिडवे बसायचे. "दुखतला. मी दहा मोजतलंय आणि दहाक काडतलंय. मगे रगात येतला, वायच. कापूस चावून धरायचो, थुकायचा नाय. कळला?" आणि खरंच दहा म्हटल्यावरच काढायचे. दुसरे लोक तीनलाच ओढून पोराला फसवतात, तसं त्यांनी कधी केलं नाही. संध्याकाळी घरी येऊन बघायचे, की आईने पोराला गरम चहा तर नाही ना पाजला. पाजलेला असायचाच.

काढलेला दात कुठे टाकायचा, यातही त्यांची एक तऱ्हा होती. आमच्याकडे पडलेला दात आपल्याच छपरावर भिरकावतात, उंदराला सांगून. दाजी म्हणायचे, माझ्या हातचा दात माझ्याच छपरावर. पोर पडवीतून खळ्यात यायचं, तोंडात कापसाचा बोळा, आणि दात वर फेकायचं. पावसाआधी छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतायला गडी यायचा, तेव्हा दाजी खाली टोपली घेऊन उभे असत. नळ्यांतून निघालेले दात तो टोपलीत टाकायचा आणि काम झालं की दाजी शिडीवर चढून ते सगळे परत जाग्यावर ठेवायचे. गाव हसायचं. मीही हसायचो, शाळेत तर नक्कल करून दाखवायचो.

आता माझ्याकडे येतो, कारण हे सगळं त्यासाठीच सांगत होतो.

माझी मुलगी नलू तेव्हा सात वर्षांची. खालच्या बाजूची तिची एक दाढ वर्षभर काळी पडत चालली होती. एकदा दाजींनी वाटेतच तिला आ करायला लावला. "मास्तरांनू, हीका मालवणाक न्हेवा. मुळापर्यंत किडला हा."

"दुधाचीच ना?" मी म्हटलं. "पडेल आपोआप."

"दुधाची म्हणान कुजूक दिलास तर खालच्या दाढेक वाट कोण दाखयतलो?" ते म्हणाले. मी हसून पुढे गेलो. मला शाळेची घाई होती, असं मी स्वतःला सांगितलं. तशी काही घाई नव्हती.

भातकापणीच्या दिवसांत नलूचा गाल सुजला. दुसऱ्या दिवशी सूज डोळ्यापर्यंत चढली, तोंड उघडेना, अंग तव्यासारखं तापलं. माझे वडील, आबा, गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे देवापुढे मागणं मांडून कौल मागायचा, मान आमच्या घराकडे. आबा म्हणाले, पोर गावाबाहेर न्यायचं तर देवाला विचारूनच. आमच्याकडे कौल लावतात: ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. शाळेत मी मुलांना हवेतल्या बाष्पाचा धडा शिकवला होता. पण त्या सकाळी मी हात जोडून ओल्या पाकळीकडे बघत उभा होतो. आबांसमोर तोंड उघडायची मला हिंमत नव्हती, हे साधं कारण आहे आणि दुसरं काही नाही.

सकाळपासून दुपारपर्यंत पाकळी पडेना. पडली तेव्हा डावी पडली.

घरी आलो तर घर रिकामं. धक्क्यावर धावलो. होडी खाडीच्या मध्यावर होती; होडीत माझी बायको, तिच्या मांडीवर नलू आणि वल्ह्याशी पाठमोरे दाजी. मी हाका मारल्या. हाका मारल्या म्हणजे काय, शिव्या दिल्या. दाजींनी मागे वळून पाहिलं नाही.

मालवणच्या डॉक्टरांनी पू काढला, दाढ काढली, पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. अजून एक दिवस गेला असता तर सूज गळ्यात उतरली असती आणि पोराला श्वास घेता आला नसता, असं ते म्हणाले. चार दिवसांनी नलू घरी आली. बायकोने मला सगळं सांगितलं. दाजी खळ्यात आले, नलूकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "वयनी, मी न्हेतंय. तुमी येतास?" बायकोने पायात चप्पलही घातली नाही. माझी वाट बघावी असं तिला क्षणभरही वाटलं नाही, हेही तिने सांगितलं.

पोर जगलं म्हणून आबांनी देवाला नारळ दिला. नारळ मी फोडला. ताप नाहीतरी उतरायचाच होता, असं गावाचं म्हणणं पडलं.

मग देवळाच्या मंडपात गाव बसलं. आबांनी विचारलं, "कौल डावो आसताना चेडू कोणी हलयला?"

"मी," दाजी म्हणाले. "तेच्या आवशीन माका आडयल्यान. मी आयकाक नाय. उचलून न्हेलंय."

माझी बायको बायकांत मागे उभी होती. ती एक पाऊल पुढे आली, तेव्हा दाजींनी तिच्याकडे असं बघितलं की ती तिथेच थांबली. खोटं चालत नाही म्हणून बापांना पडवीतून हाकलणारा हा माणूस, माझ्या बायकोने अडवलं असं, सगळ्या गावासमोर धडधडीत खोटं बोलला. दाजी सोडले तर मी एकटा पुरुष त्या मंडपात होतो ज्याला खरं काय ते माहीत होतं. उभं राहून "माझ्या मुलीला वाचवलं यांनी" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी खांबाकडे बघत बसलो.

त्या दिवसापासून दाजींकडे कोणी पोर नेईना. कोणी त्यांच्याशी भांडलं नाही, बोलणंही उघडपणे तोडलं नाही. फक्त जायचं बंद झालं. माडावर चढणारा येईना, नळे परतणारा गडी येईना. दाजी सकाळी चिमटा उकळायचे आणि पडवीत बसून राहायचे. त्यांच्या घरावरून जाताना मी शाळेच्या वह्या चाळत जायचो.

पुढच्या मे महिन्यात नलूचा पुढचा दात पडला, आपसूक, जिभेने हलवून हलवून. दात मुठीत घेऊन ती निघाली.

"आपल्या छपरार टाक," मी म्हटलं.

"ह्यो दाजींच्या छपरार," ती म्हणाली आणि गेली.

मी मागोमाग गेलो. त्यांच्या गडग्यापाशी, दगडी कुंपणापाशी थांबलो. आत गेलो नाही. दगडांवरून पलीकडचं सगळं दिसत होतं. दाजी पायरीवर बसले होते. छपराचे नळे जागोजागी सरकलेले होते, पाऊस पंधरा दिवसांवर होता.

"दुखला?" त्यांनी नलूला विचारलं.

"वायच."

"रगात?"

"इतक्याशा." तिने बोटाचं टोक दाखवलं. मग खळ्यात उभं राहून तिने दात वर फेकला. तो नळ्यांवरून खडखडत जाऊन कुठेतरी अडकला. "दाजी, हंय सगळ्यांचे दात आसत?"

"सगळ्यांचे."

"फोटोतल्या चेडवाचो खंयचो?"

दाजींनी मान वळवून पडवीतल्या फोटोकडे पाहिलं. मला वाटलं, तिला आता घरी पाठवतील.

"तेचो नाय हंय," ते म्हणाले. "तेचो कुजलेलो. तुज्यासारकोच, मागचो. गाल सुजलेलो. माका कळत होता गो. चिमटो पेटयेत होतो. पण मी देवळात विचारूक गेलंय. तीन दिस पाकळी पडाक नाय. ता विचारी, बाबा, दुखतला? मी सांगी, काय नाय."

"मगे?"

"मगे तो दात तेच्यावांगडाच गेलो."

तेव्हा देवळात गाऱ्हाणं कोणी घातलं, ते दाजींनी सांगितलं नाही. गावात ते गाऱ्हाणं घालणारा माणूस एकच. नलूसमोर तिच्या आज्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, तसंच मंडपात तिच्या आईचंही घेतलं नव्हतं. गडग्याचा दगड धरून मी उभा होतो. दहा पावलांवर ती पायरी होती. शिडी पडवीच्या भिंतीला टेकवलेली दिसत होती. आत जाऊन ती उचलायची आणि नळे परतायला चढायचं, एवढंच काम होतं. वाटेवरून कोणीतरी येत होतं, म्हणून मी जरा माडाच्या आड सरकलो.

नलू बाहेर आली. तिने मला पाहिलं, मग मागे वळून पायरीकडे पाहिलं.

"बाबा, तुमी भुतूर कित्याक येवक नाय?"

चपला माझ्या पायातच होत्या.

"काय नाय गो," मी म्हटलं.