खडकास मंजुरी मिळाल्याचा वृत्तान्त

समुद्रात बुडणे कोणालाही जमते. रीतसर बुडणे मात्र फार थोड्यांना साधते. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या पोर्थब्रिन बंदरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बुडत आली होती. पण आपण चुकीच्या पद्धतीने बुडत होतो, हे त्यांना सागरी सुरक्षा खाते स्थापन झाल्यावरच कळले. त्याआधी जहाज फुटले की बायका रडत, पुरुष टोप्या काढत आणि पाद्री लांबलचक प्रवचन देई. सगळाच अडाणी कारभार. खाते आल्यापासून निदान रडण्याआधी जबानी द्यावी लागते.

खात्याची कामे दोन. पहिले, खलाशांना धोक्याचे इशारे देणे. आणि दुसरे, जहाज फुटलेच तर त्यात कप्तानाचा दोष कसा, हे निःपक्षपातीपणे शोधून काढणे. पहिल्या कामातली तत्परता आकड्यांवरूनच दिसेल. १८६७ साली खात्याने दोनशे चौदा इशारे छापले. त्यांपैकी दोनशे नऊ अशा खडकांबद्दल होते, ज्यांवर जहाजे आधीच आपटली होती. तीन इशारे दीपगृहांना नवा रंग दिल्याबद्दल होते. एक आधीच्या इशाऱ्यातली छपाईची चूक दुरुस्त करणारा होता. राहिलेला एक, खलाशी इशारे वाचत नाहीत याबद्दल होता.

जहाज आपटायच्या आधीच इशारा का देत नाहीत, असा प्रश्न एखाद्याला पडेल. (पोर्थब्रिनच्या कोळ्यांना तो पडला होता आणि त्यांनी तो खात्याला तीनदा लेखी विचारलाही होता.) उत्तर अगदी सरळ आहे. बिननावाचा खडक नकाशावर छापता येत नाही. खडकाला नाव द्यायची रीत अशी, की त्यावर जे जहाज पहिले फुटेल त्याचेच नाव द्यायचे. म्हणजे जहाज फुटल्याशिवाय नाव नाही, नावाशिवाय छपाई नाही आणि छापल्याशिवाय खडक नाही. जो खडकच नाही, त्याचा इशारा देणे याला सभ्य भाषेत अफवा म्हणतात. कोळ्यांच्या तिन्ही पत्रांना खात्याने तातडीने एकच उत्तर पाठवले: 'फुटलेल्या जहाजाचे नाव कळवावे.'

त्या नावाची सोय अखेर कप्तान झॅकियस कर्नोने केली.

कर्नो हा 'प्रुडन्स' या छोट्या आगबोटीचा कप्तान. खारवलेल्या माशांची पिंपे नेपल्सला न्यायची आणि तिकडून लिंबे आणायची, हा त्याचा धंदा. माणूस तापट, पण नकाशावर त्याची श्रद्धा अशी, की चर्चमध्ये डुलक्या घेणारा हा इसम नकाशा उलगडताना हात धुऊन घेई. कोळ्यांशी मात्र तो बोलत नसे. आगबोटीच्या कप्तानाने होडीवाल्यांना वाट विचारायची, म्हणजे लाजच सोडायची, असे त्याचे मत होते.

एका मंगळवारी, स्वच्छ उन्हात, ताटातल्या पाण्यासारख्या शांत समुद्रात, नकाशाने हमी दिलेल्या जागी 'प्रुडन्स' खाडकन आपटली आणि घटकाभरात तळाला बसली. खलाशी सगळे वाचले. बोटीवरचे डुक्करही वाचले. कर्नो शेवटच्या होडीत बसून लहान मुलासारखा रडला, आणि यात विनोद काहीच नाही. वीस वर्षे तो त्या बोटीवर झोपला-उठला होता. 'प्रुडन्स' बुडाली तीही ताठ उभी. डोलकाठी पाण्याबाहेर राहिली आणि तिच्या दोरीवर कर्नोची लाल फ्लॅनेलची आतली विजार वाळत राहिली, ती अख्ख्या बंदराला दिसत होती.

"माझ्या मामानं दहादा सांगितलं होतं, तिथं खडक आहे म्हणून," घरी आल्यावर त्याची बायको टॅमसिन म्हणाली.

"नकाशात नव्हता."

"मामाला नकाशा वाचता येत नाही रे. म्हणून तर तो अजून तरंगतोय."

आता प्रश्न होता कर्नोच्या परवान्याचा. परवाना राहिला तर दुसरी बोट मिळेल. गेला, तर टॅमसिनच्या भावाच्या मेणबत्त्यांच्या दुकानात बसावे लागेल. हा भाऊ दारूला शिवत नसे, आणि त्याची भरपाई म्हणून दिवसभर भजने म्हणे. कर्नोला बुडण्याची भीती नव्हती, पण त्या दुकानाची होती.

चौकशी 'निळा नांगर' या खानावळीच्या माडीवर भरली. अध्यक्ष सर लुशियस पॉइंट्झ हे निवृत्त न्यायाधीश. समुद्राचा त्यांना दांडगा अनुभव होता. तीन वेळा बोट लागूनही त्यांनी एकदाही तक्रार केली नव्हती. त्यांच्या मदतीला नौकानयनातले तज्ज्ञ म्हणून कमांडर फिंच होते, ज्यांनी तीस वर्षे आरमाराचे दोरखंडाचे कोठार सांभाळले आणि त्या काळात ते कोठार एकदाही बुडू दिले नाही. लिहून घ्यायला टिडी नावाचे कारकून होते. माडीच्या खिडकीतून ती डोलकाठी आणि ती विजार स्पष्ट दिसत असे. रीतसर दाखल न झालेल्या पुराव्याचा मनावर परिणाम होऊ नये, म्हणून सर लुशियस यांनी आधी खिडकीला पडदा लावून घेतला.

"कर्नो, तुमची बोट कशावर आपटली?"

"खडकावर, साहेब."

फिंचनी नकाशा पसरला. "दाखवा बरं कुठे."

कर्नोने बोट ठेवले.

"इथे तर पाणी आहे."

"वर पाणीच आहे, साहेब. खडक खाली आहे."

"नकाशात नाहीये."

"असता तर आपटलो कशाला असतो?"

टिडींनी लिहिले: 'आरोपीचे नकाशाशी मतभेद आहेत.'

सर लुशियस यांनी चष्मा पुसला. त्यांचा युक्तिवाद न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आजही डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. तिथे खडक असेल, तर दक्ष कप्तानाने तो टाळला असता. सबब कर्नो बेसावध. खडक नसेल, तर कर्नोने मोकळ्या पाण्यात, कोणाचीही मदत न घेता, अख्खी बोट बुडवली. सबब कर्नो फारच बेसावध. मंडळाला आरोपीबद्दल सहानुभूती असल्यामुळे यांपैकी कोणता दोष सौम्य, एवढेच आता ठरवायचे होते.

"अहो साहेब, तो पडदा तेवढा सरकवा की," मागून टॅमसिन म्हणाली. "नवऱ्याची विजार लटकतेय तिथं. हवेवर लटकते का कुणाची?"

विजार हा वस्त्रप्रकार असून तिच्यावरून समुद्राच्या तळाबद्दल अनुमान काढता येत नाही, असे फिंचनी तज्ज्ञ या नात्याने सांगितले. तरीही मंडळाचा न्यायीपणा असा, की प्रत्यक्ष जागेची पाहणी करायचे ठरले.

पाहणीसाठी खात्याची वाफेची लाँच आली. तिचे नाव 'लेडी ऑगस्टा', अध्यक्षांच्या पत्नीवरून ठेवलेले. कर्नोलाही बरोबर घेतले. मात्र माणूस म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून. (यादीत त्याची नोंद दोरीचा तुकडा आणि फुटके पिंप यांच्या मधोमध आहे.) त्याचा परवाना निकाल लागेपर्यंत स्थगित होता आणि अशा इसमाने कोणत्याही जहाजाची दिशा, वेग किंवा खोली यांबद्दल अवाक्षर काढू नये, असा खात्याचा कडक नियम होता. एक शब्द बोलला असता तर परवाना जागच्या जागी रद्द झाला असता.

पाणी ओसरत होते. फिंचना डोलकाठी जवळून पाहायची होती, म्हणून त्यांनी लाँच सरळ तिच्या रोखाने घ्यायला सांगितली.

"साहेब," कर्नो म्हणाला, "मला जरा..."

"दिशेबद्दल आहे का?"

"तसं... थोडंसं."

"मग गप्प बसा. बोललात तर परवाना गेला म्हणून समजा."

 डोलकाठी जवळ येत होती. कर्नोने हात वर केला.

"साहेब, बूट काढले तर चालेल?"

सर लुशियस यांनी फिंचकडे पाहिले. फिंचनी नियम चाळला. बूट ही दिशा नव्हे, वेग नव्हे, खोलीही नव्हे. परवानगी देण्यात आली. कर्नोने बूट काढले, नाडीला नाडी बांधली आणि गळ्यात अडकवले. मग पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली.

थोड्या वेळाने टिडींनी लेखणी खाली ठेवली आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून आपलेही बूट काढले. मग सुकाणू धरणाऱ्याने एक हात मोकळा करून आपले काढले. भट्टीत कोळसा घालणारा वर आला, त्याने सगळ्यांच्या पायांकडे बघितले आणि तोही खाली बसून नाड्या सोडू लागला.

"काय रे हे?" सर लुशियस म्हणाले. "सगळे अनवाणी का?"

"कळत नाही," फिंच म्हणाले. "इकडची रीत असेल काहीतरी."

यानंतर 'लेडी ऑगस्टा' आपटली. आपटली तीही 'प्रुडन्स'हून जोरात, कारण खात्याचे इंजिन नवीन होते.

लाँच बुडाली आणि सगळे मंडळ घोट्याभर पाण्यात एका ओळीत उभे राहिले. टिडींनी कागद डोक्यावर धरले होते. कर्तव्य त्यांना कधी सोडून गेले नव्हते. त्यांनी अदबीने विचारले, "साहेब, आपण कशावर उभे आहोत असं लिहू?"

हा नाजूक प्रश्न होता. बराच विचार करून सर लुशियस म्हणाले, "खडकावर. लिहा, मंडळाने खडकास मान्यता दिली."

कर्नोच्या डोळ्यांत पाणी आले. "उपकार झाले, साहेब. फक्त तेवढी मान्यता मंगळवारपासून धरा."

"मागच्या तारखेनं खडक मंजूर करता येत नाही. हिशेब तपासनीस हरकत घेतात."

"मग माझी बोट कशावर आपटली?"

"तुमच्या वेळी खडक नव्हता."

"तुमच्याही वेळी नव्हता की."

"पण आम्ही त्याच्यावर उभे आहोत," सर लुशियस म्हणाले, आणि पाण्यातही ते किती ताठ दिसत होते हे पाहून कर्नोला क्षणभर पटलेसुद्धा.

होड्या येईपर्यंत मंडळाने वेळ वाया घालवला नाही. 'लेडी ऑगस्टा'च्या अपघाताची चौकशी जागीच उभी राहिली, उभ्यानेच चालली आणि भरती गुडघ्याला लागायच्या आत निकाल लागला. खडक नकाशात नसल्यामुळे कोणीही दोषी नाही. मान्यता मिळालेल्या खडकावर फुटलेली पहिली बोट 'लेडी ऑगस्टा'च, म्हणून खडकाला तिचेच नाव. 'प्रुडन्स' आधी फुटली होती खरी, पण ती कशावरच फुटली नव्हती.

कर्नोवर दोन दोष ठरले. एक, खडक नसलेल्या जागी बोट बुडवणे. दोन, खडक असल्याचे ठाऊक असूनही लाँचला सावध न करणे. एखाद्या मुद्देसूद माणसाला यांत विसंगती दिसेल. मंडळाला ते दोष परस्परपूरक वाटले. परवाना रद्द झाला. शिवाय एक नवा नियम आला: धोका ठाऊक असताना जो गप्प बसेल, तो बुडवणाऱ्याइतकाच दोषी.

इशारा चार महिन्यांनी छापून आला. 'लेडी ऑगस्टा: भरतीला दिसत नाही. अंतर राखावे. जवळ जाणाऱ्याची जबाबदारी खाते घेणार नाही.' खुद्द लेडी ऑगस्टांनी त्याला चौकट करून दिवाणखान्यात लावले. सर्व राष्ट्रांचे पुरुष आता आपल्यापासून अदबीने दूर राहतील, याचे त्यांना समाधान वाटले.

खलाशी इशारे वाचत नाहीत, हे खात्याचे म्हणणे मात्र खरे निघाले. एक स्वीडिश बोट खडकावर जाता जाता वाचली, तेव्हा कर्नोला राहवले नाही. दुकानातल्या मेणबत्त्या कंदिलात घालून तो टॅमसिनच्या मामाच्या होडीतून खडकाजवळ जाऊन बसू लागला. येणाऱ्या बोटींना तो शिव्या घाली, आणि शिवी कोणत्याही भाषेत कळत असल्यामुळे बोटी वळत. परवान्याशिवाय इशारा दिल्याबद्दल त्याला दरवर्षी दंड होई. दुकानातली भजने ऐकण्यापेक्षा हे बरे, असे तो सांगे. खरे म्हणजे एकही बोट तशी बुडलेली त्याला आता बघवत नव्हती.

अकरा वर्षांत त्या खडकावर एकही जहाज फुटले नाही. हे खात्याच्या नजरेतून सुटले नाही. इतकी वर्षे ज्याने काहीच केले नाही, तो खडक कार्यरत आहे असे कसे म्हणायचे? पुढच्या आवृत्तीत तो नकाशावरून वगळण्यात आला.

कर्नो आता थकला आहे. गुडघे दुखतात, खोकला जात नाही. गेल्या आठवड्यात टॅमसिनने त्याला होडीतून उचलून आणले. खडक आहे तिथेच आहे. होडीत बसायला माणूस हवा आहे. पगार नाही, दंड आहे, थंडी भरपूर आहे. गावात सगळ्यांचे एकमत झाले, की कोणीतरी जायलाच हवे. कोण जाणार, असे टॅमसिनने दारोदार विचारले, आणि आता इथवर वाचल्यावर तुम्हालाही विचारले आहे. तुम्ही मान डोलावलीत, ती टिडींनी पाहिली. त्यांनी गप्प बसणाऱ्यांबद्दलच्या नियमाप्रमाणे नोंद केली आहे: 'खडक ठाऊक होता. सहमत होते. घाईत होते.'